सांस्कृतिक कट्टा (ठाणे)

सांस्कृतिक कट्टा : उद्यान, शाळेचे पटांगण अशा मोकळ्या जागी, ठरलेल्या वारी आणि बहुधा विनातिकीट भरणारे नाट्य, अभिवाचन, संगीत वा मुलाखतींचे व्यासपीठ. महाराष्ट्रात इतरत्रही कट्टे आहेत; ठाण्यात त्यांनी चांगलेच मूळ धरले.

कट्ट्याच्या उगमाचा शोध दोन दिशांनी घेता येतो. एक दिशा व्याख्यानमालेकडे जाते. पुण्याची वसंत व्याख्यानमाला 1875 ची; ठाण्यात वि. ल. भावे प्रभृतींनी 1 जून 1893 रोजी मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन केले आणि पुढे वाचक-श्रोत्यांचा जाणता वर्ग घडत गेला. नौपाड्यातील आचार्य अत्रे कट्टा वक्ते व मुलाखती यांवर भर देतो. तो उघडच या घराण्यातला. दुसरी दिशा प्रायोगिक रंगभूमीची. ‘आविष्कार’ (स्था. 1971) या संस्थेने 1974 पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग सुरू केले आणि नाटकाला व्यावसायिक नाट्यगृहच हवे, हा समज मोडला. रंगकर्मी किरण नाकती यांच्या अभिनय कट्ट्याला (सु. 2011) हीच परंपरा अधिक जवळची वाटते. तथापि छबिलदासला जाणारा प्रेक्षक मुळातच नाटकाच्या ओढीने जाई. कट्ट्यावर फेरफटका मारायला आलेला माणूसही थबकतो, पुढच्या खेपेस मुलांना घेऊन येतो आणि कालांतराने त्यातलेच एखादे मूल नाट्यछटा सादर करते. कट्ट्याचे खरे नावीन्य येथे आहे. पूर्वपीठिकेचा वाद त्यापुढे गौण ठरतो.

पटांगणातील सादरीकरणाचे तंत्र वेगळे असते. पडदा नसल्याने नेपथ्य प्रेक्षकांदेखतच हलवावे लागते. प्रेक्षक तीन बाजूंनी असला तर नटाला कोणाकडे तरी पाठ करावीच लागते. रस्त्यावरच्या रिक्षांचा आवाज माइकमध्ये शिरतो, म्हणून कुजबुजीचे प्रसंग टिकत नाहीत. साहजिकच एकपात्री, द्विपात्री व छोट्या प्रहसनांना पसंती मिळते; तीन अंकी नाटक येथे अपवादानेच चालेल.

या वाढीमागे शहराचे बदललेले रूप आहे. महानगरपालिका 1982 मध्ये स्थापन झाली. ठाण्याची लोकसंख्या 1991 मध्ये सु. 8.03 लाख होती, ती 2011 मध्ये 18.41 लाखांवर गेली. नवी वस्ती मुख्यतः घोडबंदर रस्त्याच्या बाजूला झाली. गडकरी रंगायतन (1978) मात्र तलावपाळीला, जुन्या गावात. डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृहामुळे हे अंतर काहीसे कमी झाले. तरी शनिवार-रविवारच्या तारखा प्रामुख्याने व्यावसायिक नाटकांकडे जातात आणि हौशी संस्थांना नाट्यगृहाचे भाडेही जड जाते. घोडबंदर परिसरातील ब्रह्मांड कट्टा या पार्श्वभूमीवर पाहावा.

कट्टा नसला तरी याच संदर्भात ‘वंचितांचा रंगमंच’ या उपक्रमाची दखल घेतलीच पाहिजे. रत्नाकर मतकरी यांच्या कल्पनेतून आणि समता विचार प्रसारक संस्थेच्या सहकार्याने तो 2014 मध्ये ठाण्यात सुरू झाला. लोकवस्त्यांतील मुले विषय स्वतः निवडतात. पाणी, व्यसन, शाळागळती असे घरातलेच प्रश्न उत्स्फूर्त संवादांतून उभे करतात आणि जाणते रंगकर्मी त्यांना आकार द्यायला मदत करतात. आपल्या गल्लीतली मुलगी रंगमंचावर आहे म्हटल्यावर नाट्यगृहाची पायरी कधी न चढलेले आईवडील पुढच्या रांगेत येऊन बसतात. सवलतीच्या तिकिटांनी असा प्रेक्षक क्वचितच मिळाला असता. मतकरी यांच्या निधनानंतरही (2020) उपक्रम चालू राहिला.

नवी मुंबईत वाशीचे विष्णुदास भावे नाट्यगृह हे प्रमुख केंद्र. सिडकोने (स्था. 1970) वसवलेल्या या शहराची वस्ती बहुभाषिक आहे, वाशीत केरळ, आसाम यांसारख्या राज्यांची भवनेही आहेत. त्यामुळे अन्य भाषक शेजाऱ्यांपर्यंत पोहोचण्यास मराठी संस्थांना नाटकापेक्षा संगीत व नृत्य अधिक सोयीचे पडते.