‘सोपबॉक्सवर चढणे’: एका वाक्प्रचारामागचा इतिहास

कोणी विचारलेले नसताना एखादा माणूस आपले आवडते मत पोटतिडकीने आणि लांबण लावून मांडू लागला, की तो ‘सोपबॉक्सवर चढला’ असे इंग्रजीत म्हटले जाते. या म्हणण्यात आज नापसंतीची छटा असते आणि ती मूळ वक्त्यांवर अन्याय करणारी आहे. साबणाच्या वड्या ज्यातून दुकानात येत, ते लाकडी खोके सहज मिळे, काखेत मारून नेता येई आणि पालथे घातले की वक्ता गर्दीला दिसे. सभागृहाचे भाडे ज्यांना परवडत नसे, त्यांचे ते व्यासपीठ होते.

लंडनच्या हाइड पार्कमध्ये 1855 साली रविवारच्या व्यापारबंदीच्या विधेयकाविरुद्ध निदर्शने झाली. जुलै 1866 मध्ये मताधिकार मागणाऱ्यांसाठी पोलिसांनी उद्यानाची फाटके बंद केली, तेव्हा जमावाने लोखंडी कुंपणच उखडले. पुढच्या मे महिन्यात मनाई मोडून सभा भरली आणि गृहमंत्र्यांना पद सोडावे लागले.

खरा घोळ आहे तो 1872 च्या उद्यान नियमन कायद्याविषयी. या कायद्याने तिथे भाषणस्वातंत्र्य बहाल केले, असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात त्यात हक्काची भाषा नाही. उद्यानाच्या नियमांना धरून असेल तेवढेच जाहीर भाषण करता येईल, असे त्याचे कलम सांगते आणि सभांचे नियमन उद्यानाच्या व्यवस्थेकडे सोपवते. म्हणजे लोकांनी आधीच मिळवलेल्या मोकळिकीला सरकारने नियमांच्या चौकटीत बसवले, आणि श्रेय मात्र कायद्याला मिळाले. हाइड पार्कमधल्या जाहीर भाषणांच्या कोपऱ्याला, म्हणजे स्पीकर्स कॉर्नरला, इतर ठिकाणांइतकाच कायदा लागू आहे, हे 1999 च्या एका इंग्लिश निकालातही नमूद आहे. कोणालाही न दुखावता बोलण्यापुरतेच स्वातंत्र्य असेल तर ते कवडीमोल ठरते, असेही त्याच निकालात बजावले आहे.

अमेरिकेत या खोक्याला तुरुंगाची वाट ठाऊक होती. स्पोकेन शहराने रस्त्यावरील भाषणांवर बंदी घातली, तेव्हा 1909 मध्ये कामगार एकामागून एक खोक्यावर चढले आणि अटक होत गेले. तुरुंग भरले आणि 1910 मध्ये बंदी मागे घेतली गेली. सिंगापूरने 2000 मध्ये स्वतःचा स्पीकर्स कॉर्नर उघडला तो पोलिसांकडे नोंदणीच्या अटीवर, धर्म आणि वंश हे विषय वर्ज्य ठेवून.