स्लीप ट्रेनिंग

तान्ह्या बाळाला कडेवर न फिरवता, दूध पाजता पाजता न झोपवता, रात्री आपले आपण झोपी जाण्याची सवय लावणे म्हणजे स्लीप ट्रेनिंग. नाव थोडे फसवे आहे. बाळ रात्रभर जागेच होणार नाही, या आशेने आईबाप याकडे वळतात. प्रत्यक्षात जाग येणे थांबत नाही. थांबते ते जाग आल्यावर रडून बोलावणे.

मोठ्या माणसाच्या झोपेचे एक चक्र सुमारे ९० मिनिटांचे असते, तान्ह्या बाळाचे ५० ते ६० मिनिटांचे. चक्र संपताना झोप सावध होते. मोठी माणसे अशा वेळी कूस बदलतात, पांघरूण ओढून घेतात आणि सकाळी त्यांना त्यातले काही आठवत नाही. खांद्यावर थोपटून झोपवलेले बाळ मात्र रात्री एकला डोळे उघडते तेव्हा खांदा नाही, थोपटणारा हात नाही, पाठीखाली नुसती गार चादर. झोप लागताना जे होते तेच त्याला परत हवे असते, आणि मागायची एकच रीत त्याला ठाऊक असते. झोपेशी बसलेल्या या सांगडीला तज्ज्ञ ‘स्लीप असोसिएशन’ म्हणतात. सगळ्या पद्धतींचे मूळ सूत्र त्यातूनच निघते: बाळ पेंगुळलेले पण जागे असतानाच अंथरुणावर ठेवायचे. ती वेळ नेमकी हेरणे हेच खरे अवघड काम. नजर एका जागी खिळते, डोळे चोळले जातात, हात कानाशी जातो. हे दिसूनही उशीर केला तर बाळ चेकाळते आणि मग तासभर झोपेचे नाव नाही.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत हा उद्योग करू नये. दिवस-रात्रीची लय तेव्हा शरीरात बसलेली नसते आणि रात्रीचे दूध ही गरज असते, सवय नव्हे. सुरुवात साधारण ४ ते ६ महिन्यांनंतर करतात. अकाली जन्मलेल्या बाळाचे वय यासाठी प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजतात. बाळाला ताप, कानदुखी किंवा वजन न वाढण्याची तक्रार असेल तर आधी डॉक्टर.

रडू द्यावे, हा सल्ला अमेरिकी बालरोगतज्ज्ञ एमेट होल्ट यांनी १८९०च्या दशकातच दिला होता. १९८५मध्ये रिचर्ड फर्बर यांनी मांडलेली पद्धत त्याहून सौम्य आहे: बाळाला ठेवून बाहेर यायचे, रडल्यास ३ मिनिटांनी आत जाऊन धीर द्यायचा, पण उचलायचे नाही, मग ५ मिनिटांनी, मग १० मिनिटांनी, आणि रोज हे अंतर थोडे वाढवायचे. ज्यांना तेवढेही जमत नाही ते पाळण्याशेजारी खुर्ची टाकून बसतात आणि दर काही रात्रींनी ती दाराकडे सरकवतात. यात रडणे कमी, पण दिवस जास्त लागतात.

दोन-तीन रात्रींनी रडणे अचानक वाढू शकते. बहुतेकांचा धीर सुटतो तो इथेच. अर्ध्या तासाने उचलून घेतले, तर अर्धा तास रडले की काम होते एवढेच बाळ शिकते.

रडू दिल्याने बाळाच्या मनावर ओरखडा उमटतो का, यावर वाद आहे. ऑस्ट्रेलियात ३२६ मुलांचा पाठपुरावा झाला. २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सहाव्या वर्षी स्लीप ट्रेनिंग झालेल्या मुलांच्या वागण्यात, भावनांत किंवा आईबापांशी असलेल्या नात्यात काही तोटा दिसला नाही. लांब पल्ल्याचा फायदाही दिसला नाही, हे मात्र समर्थक सहसा सांगत नाहीत. त्याच वर्षीच्या २५ बाळांच्या एका अभ्यासात रडणे थांबल्यावरही कॉर्टिसोल हे ताणाचे संप्रेरक चढलेलेच आढळले. पण तिथे तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. आणि रात्री आईच्या कुशीत झोपणाऱ्या बाळांत काही बिघडलेलेच नाही, तेव्हा सुधारायचे काय, असे विचारणारेही आहेत.

आपले आपण झोपणे म्हणजे वेगळ्या खोलीत झोपणे नव्हे. अमेरिकी बालरोग अकादमी किमान पहिले ६ महिने बाळाला पालकांच्याच खोलीत, पण स्वतंत्र अंथरुणावर झोपवायला सांगते: उताणे, सपाट व घट्ट गादीवर, उशी आणि मऊ खेळण्यांशिवाय.

लागलेली सवय मोडतेही. आजारपण, प्रवास, आणि आठव्या-नवव्या महिन्याच्या आसपास आई नजरेआड झाली की वाटू लागणारी भीती ही त्याची नेहमीची कारणे. मग पुन्हा ३ मिनिटांपासून सुरुवात.