स्ट्रॅटिफाइड आणि क्लस्टर सॅम्पलिंग: गोंधळ नेमका कुठे होतो

सर्व्हे शिकणारी पोरं सॅम्पलिंगच्या, म्हणजे सगळ्यांऐवजी थोडेच निवडून विचारायच्या, या दोन पद्धतींत हमखास गोंधळतात, आणि ते साहजिकच आहे, कारण दोन्हीकडे सुरुवात एकच, आधी लोकांचे गट पाडायचे. फरक पडतो तो त्यानंतर.

समजा सोलापूर शहरात घराघरांतून विचारायचंय की महिन्याला किती पैसे येतात आणि दवाखान्यावर किती जातात. स्ट्रॅटिफाइड करायचं तर विडी कामगारांच्या वस्त्या, यंत्रमागवाल्यांचा भाग, जुळे सोलापूरकडचे नोकरदार असे मोठे गट करायचे आणि प्रत्येक गटातून चिठ्ठी टाकून थोडी थोडी घरं उचलायची. एकही गट सुटत नाही. क्लस्टरमध्ये मात्र शहरातल्या सगळ्या गल्ल्यांमधून समजा २० गल्ल्या चिठ्ठीने काढायच्या आणि फक्त तिथंच जायचं, बाकी गल्ल्यांत फिरकायचंच नाही.

आता मुद्द्याचं. गटातली माणसं एकमेकांसारखी असली की स्ट्रॅटिफाइडचा फायदा होतो आणि क्लस्टरचा तोटा. विडी घरकुलातल्या एखाद्या गल्लीत शिरा, दारात बाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेली, शेजारी तेच, त्याच्या पुढच्या घरी तेच, मजुरीही जवळपास सारखीच, मग तीन-चार घरांत जे कळलं तेच पुढच्या घरांत परत परत लिहायचं. फॉर्म भरले २० पण माहिती काही २० घरांएवढी मिळत नाही.

हे मोजायला डिझाइन इफेक्ट असतो. एका गल्लीत जितकी घरं घेतली त्या संख्येतून १ वजा करा, त्याला त्या घरांच्या सारखेपणाच्या आकड्याने (० म्हणजे काहीच सारखेपणा नाही, १ म्हणजे सगळी अगदी एकसारखी) गुणा, त्यात १ मिळवा. २० गल्ल्या, प्रत्येकी २० घरं आणि सारखेपणा ०.१ धरला तर उत्तर येतं २.९, म्हणजे आपले ४०० फॉर्म सरळ चिठ्ठीने निवडलेल्या साधारण १३८ घरांच्या तोडीचे. टक्केवारीत ५ टक्के इकडेतिकडे वाटणारी चूक ८ टक्क्यांच्या वर जाते. तेच ४० गल्ल्यांत १०-१० घरं केली तर आकडा १.९ वर येतो आणि तेच ४०० फॉर्म २१० घरांएवढे होतात, म्हणून मी तरी कायम सांगतो, गल्ल्या वाढवा, गल्लीतली घरं कमी करा.

मग क्लस्टर करायचंच कशाला? कारण अख्ख्या शहराच्या घरांची ताजी यादी कुणाकडं असते ओ? इथं फक्त निवडलेल्या गल्ल्यांची यादी केली की भागतं. आणि जिल्ह्याचा सर्व्हे असेल, करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत ११ तालुके, तर सुटी सुटी घरं गाठण्यात सगळं बजेट पेट्रोलातच जाईल.

मोठे सर्व्हे दोन्ही एकत्र वापरतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत आधी ग्रामीण-शहरी असे स्तर, म्हणजे स्ट्रॅटिफाइडमधले गट, पाडले, मग त्यातून गावं आणि शहरी ब्लॉक निवडले आणि प्रत्येक ठिकाणी २२ घरं घेतली.

अ‍ॅनालिसिस करताना सॉफ्टवेअरला स्तर कुठला आणि क्लस्टर कुठला हे सांगावंच लागतं. क्लस्टर सांगायचा राहिला तर स्टँडर्ड एरर, म्हणजे आपला अंदाज किती इकडेतिकडे होऊ शकतो त्याचं माप, बहुतेक वेळा खूपच लहान दिसते आणि नसलेला फरक सिद्ध झाल्यासारखा वाटतो, स्तर सांगायचा राहिला तर ती उगाच मोठी दिसते. आणि प्लॅन करतानाच प्रत्येक स्तरातून किमान दोन गल्ल्या घ्या, एकच घेतली तर त्या स्तरातला गल्ली-गल्लीतला फरक काढायला सॉफ्टवेअरकडे काहीच उरत नाही.