पार्श्वभूमी : ब्राउझरला २२ नंबरचं पोर्ट का मिळालं नाही

क्लाउडवर सर्व्हर घेतला की त्याच्या पानावर हल्ली ‘कनेक्ट’ किंवा ‘एसएसएच’ असं बटण असतंच. एसएसएच म्हणजे दूरच्या मशीनवर कूटबद्ध जोडणीतून आदेश देण्याची पद्धत, आणि तिचं नेहमीचं दार म्हणजे २२ नंबरचं पोर्ट. ते दाबलं की ब्राउझरच्या टॅबमध्येच टर्मिनल (आदेश टाइप करायची खिडकी) उघडतं, प्रॉम्प्ट येतो आणि कामाला लागता येतं. नव्याने सर्व्हर सांभाळायला लागलेल्या अनेकांनी पुटी हा एसएसएचचा प्रोग्रॅम कधी डाउनलोडही केलेलं नसतं. या सोयीमागे बरीच वर्षं चाललेली एक ओढाताण आहे. वेबपेजला थेट टीसीपी जोडणी (इंटरनेटवरची साधी, कच्ची जोडणी) उघडू द्यायची की नाही, एवढाच तो वाद. उत्तर ‘नाही’ असं आलं, आणि पुढचं बहुतेक सगळं त्या नकाराला वळसा घालत घडलं.

त्याआधीचा इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे. १९७८ च्या व्हीटी-१०० या टर्मिनल यंत्राचे एस्केप कोड (कर्सर हलवायच्या वगैरे खुणा) आपली टर्मिनलं आजही पाळतात. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात नेटवर्कवरून पासवर्ड चोरले गेले, त्यानंतर तिथल्या एका संशोधकाने एसएसएच लिहिलं आणि सगळं उघड्यावर पाठवणारं टेलनेट हळूहळू हद्दपार झालं.

ब्राउझरमध्ये टर्मिनल प्रथम आलं ते जावा ॲपलेटच्या (पानात चालणाऱ्या छोट्या जावा प्रोग्रॅमच्या) रूपात. माइंडटर्मसारखे जावात लिहिलेले एसएसएच क्लायंट पानावर ठेवता येत. डिजिटल सही नसलेलं ॲपलेट ज्या सर्व्हरवरून आलं त्याच्याशीच बोलू शके, आणि सही केलेल्याला वापरणाऱ्याने परवानगी दिली की ते कुठेही जोडू शके. हे ॲपलेट म्हणजे खराखुरा एसएसएच क्लायंट होता. कूटलेखन आपल्या मशीनवर होई आणि मधल्या कुणाला काही वाचता येत नसे. पण जावाची आवृत्ती जुळवा, इशाऱ्यांवर ‘हो’ म्हणत बसा, पान उघडायची वाट पाहा, हे सगळं पदरी पडे. क्रोमने २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये जुन्या प्लगइनचा रस्ता बंद केला, तोवर ॲपलेट वापरणारे फारसे उरलेही नव्हते.

खरी गरज निर्माण झाली ती २००५ च्या आसपास. कॉलेजच्या लॅबमध्ये आणि ऑफिसात सगळी रहदारी प्रॉक्सीतून (मधल्या सर्व्हरमधून) जायची, फक्त ८० आणि ४४३ ही पोर्टं उघडी. पुटीची एक फाइल पेनड्राइव्हवर नेता यायची, पण २२ बंद असेल तर तिचा उपयोग काय? सायबर कॅफेत तर बाहेरची फाइल चालवू देतील याचीच खात्री नसे. ब्राउझर मात्र सगळीकडे होता.

त्या काळात अजॅक्सटर्म आलं. पायथनमधला छोटासा प्रोग्रॅम. तो सर्व्हरवर ८०२२ पोर्टवर बसवायचा, पुढे अपाची हा वेब सर्व्हर लावून ४४३ वरून बाहेर द्यायचा. त्यामागोमाग शेल इन अ बॉक्स आलं. ते सीमध्ये लिहिलेलं होतं, नेहमीचं पोर्ट ४२००, आणि ब्राउझरमध्ये प्लगइन लागत नसे. दोन्हींची युक्ती साधारण सारखी होती. पान एक एचटीटीपी विनंती पाठवतं, सर्व्हर ती मुद्दाम धरून ठेवतो, शेलमधून (आदेश चालवणाऱ्या प्रोग्रॅममधून) काही बाहेर आलं की उत्तर देतो, आणि लगेच पुढची विनंती जाते. दाबलेली कळही अशीच विनंतीतून जाते. एका अक्षरामागे काहीशे बाइटांचे हेडर आणि कुकी. लाइन संथ असेल तर टाइप केलेली अक्षरं पुंजक्यांनी उमटायची आणि ‘टॉप’ (चालू प्रोग्रॅमांची सतत बदलणारी यादी) चालवलं की स्क्रीन अडखळत बदलायचा. तरी रात्री कोसळलेला मेल सर्व्हर घरी न जाता पुन्हा उभा करता येई, आणि त्यासाठी लोक हे सगळं आनंदाने सोसत.

आता तो नकार. ब्राउझरने पानाला सरळ सॉकेट (थेट टीसीपी जोडणीचं टोक) दिलं असतं तर हा सगळा खटाटोप वाचला असता, असं तेव्हाही अनेक जण म्हणत आणि आजही म्हणतात. मला तो नकार योग्यच वाटतो, आणि त्याची कारणं नीट सांगितली जात नाहीत म्हणून इथे थोडं थांबतो.

ब्राउझर फायरवॉलच्या (आतलं नेटवर्क राखणाऱ्या भिंतीच्या) आत बसलेला असतो. त्याने उघडलेलं पान मात्र जगातल्या कुठल्याही कोपऱ्यातून आलेलं असतं. अशा पानाला सॉकेट मिळालं तर ते घरच्या राउटरशी, ऑफिसच्या प्रिंटरशी, आतल्या डेटाबेसशी बोलू लागेल. फायरवॉलला वाटेल, घरचाच माणूस बोलतोय. सॉकेट नसतानाही असा प्रकार जमतो, हे २००१ च्या सुमारास उघड झालं होतं. वेबफॉर्मचं लक्ष्य म्हणून मेल सर्व्हरचं २५ नंबरचं पोर्ट द्यायचं आणि फॉर्मच्या मजकुरात मेलचे आदेश भरायचे. मेल सर्व्हर एचटीटीपीच्या ओळींवर चुका दाखवी आणि पुढचे आदेश मात्र मुकाट पाळी. म्हणून ब्राउझरांनी पोर्टांची काळी यादी केली. २२, टेलनेटचं २३ आणि २५ तिघंही तिच्यात आहेत. पत्त्याच्या शेवटी अपूर्णविराम देऊन २२ लिहून पाहा. क्रोम ‘अनसेफ पोर्ट’ म्हणून जागच्या जागी थांबवतं, विनंती मशीनच्या बाहेरही पडत नाही.

मग वापरणाऱ्याला विचारावं, असा प्रतिवाद होतो. जावाच्या इशाऱ्यांचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं: न वाचता ‘हो’. फायरफॉक्स ओएसने आणि क्रोम ॲप्सनी खास परवानगीच्या ॲपना सॉकेट दिलं होतं, पण त्यासाठी ॲप तपासून, बांधून द्यावं लागे. वाटेत भेटलेल्या पानाला ते कुणीच दिलं नाही.

वेबसॉकेट जन्मलं ते याच पेचातून. ते दोन्ही बाजूंनी सतत उघडं राहतं, पण ते मुद्दामच टीसीपी नाही. सुरुवात एचटीटीपीने होते, पान कुठून आलं हे ब्राउझर सर्व्हरला सांगतो, आणि समोरून १०१ क्रमांकाचं ठरलेलं उत्तर आलं नाही तर जोडणी तुटते. एसएसएच सर्व्हर जोडणी होताच ‘एसएसएच-२.०’ अशी स्वतःची ओळख पाठवतो, त्यामुळे दोघांचं जमण्याचा प्रश्नच नाही. डिसेंबर २०१० मध्ये मधल्या प्रॉक्सी फसवता येतात असं दिसल्यावर फायरफॉक्स ४ आणि ऑपेराने वेबसॉकेट बंदही ठेवलं होतं. मग ब्राउझरकडून जाणारा प्रत्येक संदेश यादृच्छिक चार बाइटांनी झाकायचं ठरलं आणि डिसेंबर २०११ मध्ये आरएफसी ६४५५ हे त्याचं मानक निघालं. आता एका बाइटच्या कळेमागे सहा बाइटांचं ओझं. अजॅक्सटर्मच्या काळातून आलेल्यांना हा फरक पहिल्या दिवशीच जाणवला.

त्याच वर्षी जेएसलिनक्स आलं होतं, ब्राउझरमध्ये चालणारं आख्खं लिनक्स. त्यातलं जावास्क्रिप्ट टर्मिनल मूळ लेखकाच्या परवानगीने टीटीवाय.जेएस या वेब टर्मिनलमध्ये गेलं, तिथून टर्म.जेएस आणि मग एक्सटर्म.जेएस. व्हीएस कोड या कोड-संपादकामधलं टर्मिनल म्हणजे हेच एक्सटर्म.जेएस. दुसरीकडे क्रोमच्या सिक्युअर शेलने ओपनएसएसएच हा प्रचलित क्लायंटच नेटिव्ह क्लायंटमध्ये (क्रोममध्ये मशीन-कोड चालवायच्या सोयीत) बांधून घेतला, आणि नेटिव्ह क्लायंट गेल्यावर तो वेबअसेंब्ली या तशाच नव्या सोयीत नेला.

या दोन वाटांमधला फरक फार थोडे लोक पाहतात. सिक्युअर शेलमध्ये एसएसएच तुमच्या मशीनवर चालतं. बाकी बहुतेक ‘वेब एसएसएच’मध्ये ब्राउझरकडे फक्त अक्षरं रंगवायचं काम असतं, आणि खरा क्लायंट मधल्या सर्व्हरवर असतो. टॅबपासून तिथवर टीएलएस (एचटीटीपीएसचं कूटलेखन), तिथून पुढे एसएसएच, आणि मध्ये सगळं उघडं. पासवर्ड किंवा खासगी की (पासवर्डऐवजी वापरायची गुप्त फाइल) पानावर चिकटवली तर ती त्या मधल्या सर्व्हरकडे जाते. तो तुमचा स्वतःचा असेल तर ठीक. अनोळखी साइटचा असेल तर की त्यांच्या हातात दिल्यासारखंच आहे.

क्लाउड कंपन्यांनी पुढे या मधल्या जागेचाच फायदा करून घेतला. २०१८-१९ नंतर सर्व्हरवरचा एजंट (कंपनीचा छोटा प्रोग्रॅम) स्वतःच बाहेर जोडणी करू लागला, त्यामुळे २२ उघडं ठेवायची गरजच उरली नाही. एका सेवेत तर सर्व्हरला दिलेली पब्लिक की (खासगी कीची जाहीर जोडीदार) ६० सेकंदच टिकते. कुणी काय टाइप केलं याची नोंदही तिथेच ठेवता येते. नोकरी सोडून गेलेल्याची की दहा सर्व्हरवर पडून राहण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

छोट्या अडचणी मात्र जुन्याच आहेत. कंट्रोल आणि डब्ल्यू दाबलं की शेलमध्ये मागचा शब्द पुसला जातो, टॅबमध्ये आख्खं टर्मिनल बंद होतं. ती कळ क्रोम पानाला देतच नाही, म्हणून जाणकार टर्मिनल टॅबऐवजी वेगळ्या ॲप-खिडकीत उघडतात. मराठी नावाच्या फाइलींचंही तसंच. टर्मिनल प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदीचा चौकोन देतं, जोडाक्षरं त्यात मावत नाहीत, आणि कर्सर भलतीकडेच दिसतो.

सॉकेटचा विषय संपलेला नाही. ‘डायरेक्ट सॉकेट्स’ ही सोय क्रोमओएसवर आली आहे, पण सही करून बांधलेल्या, वेगळ्या ठेवलेल्या वेब ॲपपुरतीच. साध्या वेबसाइटला ती मिळत नाही, आणि फायरफॉक्स व सफारीने ती घेतलेली नाही.