एका भिंतीचा शेजार: इंग्लंडमधील जोडघरांची पार्श्वभूमी

पुण्या-नाशिककडे ‘ट्विन बंगला’ म्हणून विकल्या जाणाऱ्या घराला इंग्लंडमध्ये ‘सेमी-डिटॅच्ड’ किंवा नुसते ‘सेमी’ म्हणतात. एक भिंत शेजाऱ्याशी सामाईक, बाकी तीन बाजू मोकळ्या आणि पायापासून छपरापर्यंत एकच बिऱ्हाड, अशी त्याची रचना असते. ओळीने बांधलेल्या ‘टेरेस’ घरांत, म्हणजे आपल्या रो-हाउसमध्ये, मधल्या घराला दोन्ही अंगांनी शेजार असतो, तर फ्लॅटमध्ये तो डोक्यावर आणि पायाखालीही असतो.

ही कल्पना सुरुवातीला गरिबांच्या घरांसाठीच होती. अठराव्या शतकात जमीनदार शेतमजुरांची घरे जोडीने बांधू लागले, कारण त्यात एका भिंतीचा खर्च वाचे. १७८१ मध्ये वास्तुविशारद धाकटे जॉन वूड यांनी आणखी एक कारण दिले: आजारपणात शेजारी मदतीला येऊ शकतो.

मध्यमवर्गाने हीच रचना उचलली, पण वेगळ्या हेतूने. लंडनच्या सेंट जॉन्स वुडमधील आयर इस्टेटच्या १७९४ च्या आराखड्यात जोडघरे दिसतात, मात्र तेथील बांधकामाने वेग घेतला तो नेपोलियनशी चाललेले युद्ध संपल्यावर. स्वतंत्र बंगला परवडत नाही आणि ओळीतले घर प्रतिष्ठेला शोभत नाही, अशा कुटुंबांची ही सोय होती. उद्यानतज्ज्ञ जॉन लाउडन यांनी १८२० च्या दशकात बेझवॉटर भागात बांधलेले जोडघर तर मध्यभागी काचेचा घुमट देऊन असे रचले होते, की पाहणाऱ्याला तो एकच मोठा बंगला वाटावा. माझ्या मते, ‘सेमी’चे सारे आकर्षण या फसवणुकीतच आहे.

पहिल्या महायुद्धानंतर मात्र हे घर सर्वसामान्यांचे झाले. १९१८ च्या ट्यूडर वॉल्टर्स अहवालाने शहरांत एकरी बाराच घरांची शिफारस केली आणि १९१९ च्या कायद्याने नगरपालिकांच्या घरबांधणीला सरकारी अनुदान मिळाले. पुढे स्वस्त कर्ज आणि उपनगरी रेल्वे यांच्या बळावर खासगी बांधकाम व्यावसायिकांनी बाहेर आलेल्या खिडक्यांची, दर्शनी भागावर शोभेच्या लाकडी पट्ट्या ठोकलेली जोडघरे लंडनभोवती मैलोन्‌मैल उभी केली. टेरेसमधल्या मधल्या घराला नसलेली बाजूची वाट येथे होती. त्यामुळे कोळसा किंवा कचरा घरातून न नेता मागच्या बागेकडे जाता येई, आणि पुढे तिथेच मोटारीसाठी जागा झाली.

सामाईक भिंत मात्र आजही दोघांची आहे: इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९६ च्या कायद्यानुसार तिला हात लावण्यापूर्वी शेजाऱ्याला साधारणतः दोन महिने आधी लेखी सूचना द्यावी लागते.