यती (हिममानव)

हिमालयाच्या उंच भागात वावरतो अशी समजूत असलेला, दोन पायांवर चालणारा केसाळ प्राणी म्हणजे यती होय. नेपाळ, तिबेट, सिक्कीम आणि भूतान येथील लोककथांत तो पूर्वापार आढळतो. मराठीत त्याला हिममानव म्हणतात. संन्यासी या अर्थाच्या किंवा छंदशास्त्रातील विरामाच्या ‘यती’शी त्याचे नाते नाही, हे नाव शेर्पांच्या भाषेतून आले आहे. शेर्पा माणसासारखा ‘मेह-ते’ आणि गुराढोरांवर झडप घालणारा दांडगा ‘झु-ते’ असे प्रकार मानतात, आणि त्यांतला दुसरा म्हणजे तपकिरी अस्वलच, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे.

जगभर प्रसिद्ध झालेला हिममानव मात्र बऱ्याच अंशी एका चुकीच्या भाषांतरातून जन्मला. 1921 मध्ये चार्ल्स हॉवर्ड-बरी यांच्या नेतृत्वाखालील एव्हरेस्ट पाहणी मोहिमेला सहा हजार मीटरांहून अधिक उंचीवर मोठ्या पाऊलखुणा दिसल्या. हॉवर्ड-बरी यांना त्या लांडग्याच्या वाटल्या. हमालांनी मात्र ‘मेतोह-कांगमी’चे नाव घेतले. पत्रकार हेन्री न्यूमन यांनी ‘मेतोह’चा अर्थ ‘ओंगळ’ असा लावला आणि त्यातून ‘अबॉमिनेबल स्नोमॅन’ हे भयंकर नाव रूढ झाले. मूळ शब्दात माणसासारख्या अस्वलाचा निर्देश आहे, ओंगळपणाचा नाही. शेर्पांच्या कल्पनेवर हा अन्यायच झाला.

1951 मध्ये ब्रिटिश गिर्यारोहक एरिक शिप्टन यांनी मेनलुंग हिमनदीवर, शेजारी आइस अ‍ॅक्स (बर्फ फोडण्याची कुऱ्हाड) ठेवून, एका ठशाचे छायाचित्र घेतले आणि हिममानवाविषयीचे कुतूहल शिगेला पोहोचले. बर्फावरचा ठसा हा पुरावा म्हणून कच्चा असतो, कारण उन्हाने त्याच्या कडा वितळून तो मोठा होतो. शिवाय अस्वलाचा मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशावर पडला, तर दोन्ही मिळून माणसाच्या लांब पावलासारखा आकार तयार होतो.

चित्रपटांनी या प्राण्याला पांढरे केस दिले. लोककथांतला यती बहुधा तांबूस, तपकिरी किंवा काळा असतो. अ‍ॅनिमेशनमधील रहस्यप्रधान विनोदी चित्रपटांना तो विशेष मानवला, कारण पाऊलखूण, माग आणि उलगडा हा रहस्यकथेचा क्रम त्याच्या आख्यायिकेत आयताच आहे. 2007 चा ‘चिल आउट, स्कूबी-डू!’ हा हिमालयात घडणारा चित्रपट याच परंपरेतला आहे.

प्रत्यक्ष शोधांचा कौल अस्वलाकडेच झुकतो. गिर्यारोहक राइनहोल्ड मेसनर यांनी 1986 मध्ये तिबेटात एका अनोळखी प्राण्याची चाहूल लागल्यानंतर अनेक वर्षे त्याचा माग काढला आणि ते याच निष्कर्षाला आले. 2017 मध्ये जीवशास्त्रज्ञ शार्लट लिंडक्विस्ट आणि सहकाऱ्यांनी यतीचे म्हणून जपलेले 9 नमुने डीएनएच्या आधारे तपासले, तेव्हा 8 अस्वलांचे आणि 1 कुत्र्याचा निघाला. या अस्वलांत काळी, हिमालयी तपकिरी आणि तिबेटी तपकिरी अशी तिन्ही होती. हिमालयी तपकिरी अस्वल आज दुर्मीळ झाल्याने या कामाचे मोल यतीच्या प्रश्नापलीकडेही आहे.

नेपाळमधील खुमजुंगच्या गोंपात (बौद्ध मठात) यतीची म्हणून पूजनीय मानलेली केसाळ टाळू, म्हणजे डोक्यावरची कातडी, आहे. 1960 मध्ये एडमंड हिलरी यांनी ग्रामस्थांच्या संमतीने, गावातील खुंजो चुंबी यांना सोबत घेऊन, ती परदेशी तपासणीसाठी नेली. सेरो या रानबकरीसारख्या प्राण्याच्या कातड्याला आकार देऊन ती बनवल्याचे तज्ज्ञांनी सांगितले. टाळू ठरल्याप्रमाणे गावाला परत मिळाली आणि गोंपात ती आजही जपलेली आहे.