‘देव झेपेल तेवढंच दुःख देतो’ हे बायबलमध्ये नाही

आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर, मातीहून परतल्यावर हे वाक्य हमखास ऐकू येतं, तेही बायबलचं म्हणून. आधार दिला जातो १ करिंथ १०:१३ चा, म्हणजे प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातल्या एका वचनाचा. पण तिथे विषय आहे मोहाचा, मूर्तिपूजेकडे वळण्याचा. त्यातून निभावायची वाट देव काढतो, असं पौल लिहितो. लेकरू गमावलेल्या आईच्या दुःखाचं माप तिथे नाही. तिला हे ऐकवलं की आपलाच विश्वास कमी पडला असं तिला वाटतं, आणि हे फार क्रूर आहे.

तोच पौल २ करिंथ १:८ मध्ये आसिया प्रांतातल्या (आजचा पश्चिम तुर्कस्तान) संकटाबद्दल मोकळेपणाने सांगतो: ओझं शक्तीपलीकडचं होतं, जगण्याचीही आशा उरली नव्हती. तेव्हा त्याची भिस्त स्वतःच्या ताकदीवर नव्हती, मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर होती. आणि लगेच तो करिंथच्या मंडळीकडे प्रार्थनेचा हातभारही मागतो.